शिंपीरावांच्या जुन्या कोटाची मोहीम

सकळ खवय्ये व पथ्यकरी मंडळीस दंडवत करोन लिहिणार लिहितो ऐसे जे, बाजाराचे कोपऱ्यावरील दुकानी शिंपीराव सुखे राज्य करीत असता मैदा, साखर व तळण हे तीन गनीम एकवटोन पोटाचे मुलखात शिरले आणि ठाणी बसवोन राहिले. मग डॉक्टरसाहेबांनी गुडघा दाबोन फर्माविले की, वजन न उतरल्यास मशीनचे पायडल कायमचे सुटेल. शिंपीरावांचे तोंडचे पाणी पळाले. मशीन गेली तर आपण कोण, हे त्यांस ठाऊक नव्हते. त्यांचे कुटुंब, जे दुकानी काजे-बटणे करीत, तेही मनी फार भ्याले, परंतु दाखविले नाही.

मग या बाईसाहेबांनी यजमानांचा लग्नातला कोट बाहेर काढोन करार ठरविला की, ज्या दिवशी बटण लागेल त्या दिवशी मोहीम तमाम. आणि कढई माळ्यावर कैद जाहली, आणि पालक, दुधी, गाजर यांच्या फौजा उतरल्या, आणि भाजली मासळी ताटी रुजू जाहली, आणि जैतुनाचे, म्हणजे ऑलिव्हचे, तेल चमचाभर व अक्रोड चार, पाचवा मागितल्यास गुन्हा.

दर रविवारी शिंपीराव कोट चढवीत, आणि दर रविवारी बटण काजापासून दोन बोटे दूर. ऐसे दहा रविवार गेले. पाटलोण घसरू लागली, गुडघा कुरकुर विसरला, परंतु कोट शरण येईना. अकरावे रविवारी शिंपीरावांनी हातपाय गाळोन कोट फेकिला आणि बिस्किटांचे डब्याशी तहाची बोलणी लाविली. तों कोट उलटा पडोन आतील शिवण नजरेस आली. टाके ताजे, डावीकडे कललेले. ऐसे डावखुरे टाके साऱ्या बाजारात एकच हात घाली.

"अगं, हे काय?"

"दर शनिवारी अर्धं बोट आत घेत होते. बटण लागलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी कढई उतरवायला लावली असती तुम्ही."

"आणि मी शिंपी असून मला कळू नये?"

"जगाची मापं घेता. स्वतःचं कधी घेतलंत?" बाईसाहेबांनी कोट उचलोन झटकला. "तुमची मशीन बंद झालेली मला बघवली नसती हो."

शिंपीरावांनी राग गिळला. त्यात तेल नसलेने पथ्याची आडकाठी नव्हती. मग शिवण उसवोन कोट चढविला, बटण लागले, आणि वर तीन बोटे ढगळ. बाईसाहेबांनी सुई ओविली आणि आज्ञा केली की, कोट उतरावा, आत घ्यावयाचा आहे. या खेपेस शिंपीरावांनी स्वतः टेप धरोन माप दिले.

येणेप्रमाणे गनीम नामोहरम, गुडघा कायम, कढई माळ्यावरच. फत्ते कापडावर खडूने नोंदिली असे, खाली बाईसाहेबांचे बोटावरील अंगुस्तानाचा शिक्का.