कॅप्टनबाईंना अंदाज चालत नाही

कोरपना शहर व परिसरातील तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, यापुढे आमच्या गल्लीत कोणीही 'पाच मिनिटांत येतो' असे म्हणू नये. म्हटल्यास पाच मिनिटांत यावे. न आल्यास होणाऱ्या परिणामांना म्हणणारा स्वतः जबाबदार राहील.

ही सूचना मी उगाच काढलेली नाही. प्लंबरचं काय झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. 'पाच मिनिटांत येतो बाई' म्हणून त्याने फोन ठेवला आणि रीतीप्रमाणे तासाभराने आला. फाटकाला आतून कडी. कडीच्या मागे कॅप्टनबाई, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत.

"विमान गेलं," त्या म्हणाल्या.

"कोनतं विमान, बाई?"

"तुमचं."

तीन दिवस नळ गळत राहिला. बाईंनी त्याखाली बादली लावली, तासाला किती पाणी जमतं ते मोजलं, पण त्या माणसाला आत घेतलं नाही.

कॅप्टन विशाखा दुर्गे. आमच्या शेजारी, भिंतीला भिंत. तीसच्या वर वर्षं विमानं चालवली. आधी माणसं नेली, मग माल नेला. "माल बरा," असं त्यांचं मत. "माल विचारत नाही, कधी पोचणार म्हणून." त्यांचे वडील दशरथ दुर्गे, म्हणजे सगळ्या गल्लीचे बापू, इथल्या एका सिमेंट कारखान्यात थैल्या लादायचे. त्यांची पोरगी सरकारी शिष्यवृत्तीवर नागपूरला विमान शिकायला गेली तेव्हा गावात कुणी विश्वास ठेवला नव्हता. सिमेंटच्या धुळीने बापूंची छाती बसली, श्वास पुरेना, आणि बाई नोकरी आटोपून कायमच्या परत आल्या. लग्नाचं एकदा आमच्या हिने विचारलं. म्हणाल्या, "वेळापत्रकात बसलं नाही." पुढे विचारायची सोय नव्हती.

बाईंचं आवडतं वाक्य एकच. "अंदाज नको, आकडा सांगा." भाजीवाली म्हणाली, वांगी ताजी आहेत, तर "किती वाजता तोडली?" राजुऱ्याच्या एसटीत बसण्याआधी त्या गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारतात. चारी बाजूंनी टायर पायाने ठोकून बघतात, वाकून खाली तेल गळतंय का पाहतात, आणि मगच पायरीवर पाय ठेवतात. आत बसलेली चाळीस माणसं खिडकीतून माना काढून हा सोहळा पाहतात. एकदा ड्रायव्हर चिडून म्हणाला, "बाई, तुमीच चालवता का मंग?" बाईंनी गंभीरपणे विचार केला. "या ब्रेकवर? नाही," म्हणाल्या, आणि खाली उतरून दुसरी गाडी धरली. त्यांच्यामागोमाग आणखी सात जण उतरले.

पण बाईंचा खरा धाक मयतीच्या घरी. मागच्या गल्लीतले गुरुजी वारले. लोक जमले, बोलतात तसं बोलू लागले. कुणी म्हणालं, "शांतपणे गेले बिचारे. झोपेतच गेले."

"नाही," कॅप्टनबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "जागे होते. बावीस मिनिटं तडफडले. मी तिथे होते."

गुरुजींची बायको रडायची थांबली. बाईंना कळेना, आपलं काय चुकलं. आकडा तर बरोबर होता.

(गंमत पुढे आहे. पंधरा दिवसांनी तीच गुरुजींची बायको कॅप्टनबाईंच्या दारात आली आणि म्हणाली, "ते बावीस मिनिटं काय काय झालं ते सांगा. बाकी सारे मले खोटं सांगून राह्यले." दोघी दुपारभर बसल्या होत्या.)

बाईंच्या घरात प्रत्येक वस्तू दोन. दोन टॉर्च, दोन शेगड्या, किल्ल्यांचे दोन जुडगे. बापूंना नाकात नळी लावून ऑक्सिजन द्यावा लागतो, तर तीही यंत्रं दोन, वर एक सिलिंडर, इन्व्हर्टर आणि अंगणात जनरेटर. "एक बंद पडलं तर?" हा त्यांचा सवाल. त्या घरात एकच असलेली गोष्ट म्हणजे बापू.

आणि आता बापूंविषयी.

बापूंकडे एक गोष्ट होती. विशाखाने पहिल्यांदा एकटीने विमान उडवलं त्याची गोष्ट. विमान शिकणाऱ्याच्या आयुष्यात तो एक दिवस असतो. शेजारी बसलेला मास्तर अचानक खाली उतरतो आणि म्हणतो, जा, आता एकटा जा. तो दिवस कधी येणार ते शिकणाऱ्याला आधी कळत नाही. पण बापू सुटीच्या दिवशी भाकरीचा डबा घेऊन एसटीने नागपूरला गेले होते, कुंपणापाशी बसले होते आणि नेमका तोच दिवस उगवला. कोरपन्यात बापूंची ही गोष्ट न ऐकलेला माणूस नसेल. मी किमान शंभरदा ऐकली आहे. (अंदाज आहे. बाईंना सांगू नका.)

"मास्तर उतरला," बापू सांगायचे. "म्हनला, जा बेटा. अन् गेली ना भाऊ! सीधी सूर्याच्या तोंडावर! तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेले खिडकीतून हात काढला अन् मले दाखवला."

बाई आत पोळ्या लाटत हे ऐकायच्या आणि चूप राहायच्या. एकदा शाळेतल्या मास्तरांनी त्यांना विचारलं होतं की, पहिल्या एकट्या उड्डाणात किती फेऱ्या मारतात? "एक," बाई म्हणाल्या. त्याच संध्याकाळी ओट्यावर बापूंनी तीन मारल्या. मी मुद्दाम बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी बापूंना पाण्याचा ग्लास दिला आणि आत गेल्या. वांग्याला वेळ विचारणारी बाई दोन आख्ख्या फेऱ्या सोडून देते! मी ही नोंद मनात करून ठेवली. मला अशा गोष्टींत फार रस आहे.

दिवाळीनंतर बापूंचं फारच बिघडलं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन म्हटलं, आता दिवस मोजायचे. "किती?" बाईंनी विचारलं. डॉक्टर घुटमळले. "अंदाज नको." डॉक्टर म्हणाले, महिना, फार तर दीड. बाईंनी 'धन्यवाद' म्हटलं आणि बापूंना घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलेलं बापूंनाही ऐकू आलं होतं. त्यांनी एकच मागितलं. सारं कोरपना ऐकून झालं. आता ही गोष्ट एकदा खऱ्या पायलट लोकांना सांगायची होती.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आल्या. मी त्यांना इतकं अस्वस्थ कधी पाहिलं नव्हतं.

"नंदूभाऊ, रविवारी अकराला या. माझ्याबरोबर शिकलेले दोघे येताहेत नागपूरहून. त्यांना मी फोनवर बजावलंय की बापू बोलताना कुणी दुरुस्ती करायची नाही. तरी कुणी मधे बोललंच, तर तुम्ही विषय बदला."

"मी?"

"तुम्हाला तेवढंच येतं." आणि मग, खालच्या आवाजात, "मरायला टेकलेल्या माणसाला पाहुण्यांसमोर खोटं पडू द्यायचं नाही. एवढं एक करायचं आहे मला."

रविवारी अकराला दहा कमी असताना मी हजर. कॅप्टन पठाण आणि कॅप्टन बक्षी आलेच होते. पठाण उंच, वाकलेले, मिस्कील. बक्षींचे कान इंजिनांनी नेलेले. कानात यंत्र, पण ते शिटी मारतं म्हणून बहुतेक वेळ खिशात. बाईंनी फोनवर दिलेली ताकीद त्या कानांत कितपत शिरली होती, याची मला त्यांना पाहताच शंका आली.

बापू खाटेवर उशांना टेकून बसले होते. धुतलेला सदरा, नाकात नळी. यंत्र घुरघुरत होतं.

आधी पाहुण्यांनी आपापल्या पहिल्या एकट्या उड्डाणाच्या गोष्टी सांगितल्या. पठाण म्हणाले, "बापू, मी उतरलो तर दरवाजाच उघडेना. हात इतके थरथरत होते. सगळ्यांना वाटलं, पोरगा किती नम्र, गुरूची वाट पाहत बसलाय!" बापू हसले आणि खोकले. हसणं थोडं, खोकला जास्त.

मग पठाणांनी पिशवीतून जुना फोटो काढला. पांढऱ्या शर्टातली नऊ पोरं, त्यात एक मुलगी. त्यांनी एकेका डोक्यावर बोट ठेवलं. "हा डोंगरावर गेला. हा समुद्रात, सापडलाच नाही. हा दारूत. हे दोघं करोनात, एकाच आठवड्यात. याचा फोन त्याची बायको उचलते अन् रडते, म्हणजे तोही." बोट थांबलं. "उरलो तिघं. तिघंही इथंच आहोत. आत्ता छत पडलं तर बॅच खतम, एकाच झटक्यात!"

छताकडे मी एकट्यानेच पाहिलं.

"आता माही गोष्ट," बापू म्हणाले.

दम घेत, तुकड्यातुकड्यांनी ते बोलू लागले. मास्तर उतरला. जा बेटा म्हनला. अन् गेली ना भाऊ, सीधी सूर्याच्या तोंडावर...

"सूर्याकडे?" बक्षी म्हणाले. ऐकायला मिळावं म्हणून त्यांनी नेमकं आत्ताच कानात यंत्र घातलं होतं. "नाही बापू. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं. त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता आणि वेळ सकाळची. म्हणजे सूर्य पाठीमागे."

मी कर्तव्याला जागलो. "यंदा कापूस कसा आहे हो नागपूरकडे?" नागपूर शहरात राहणाऱ्या वैमानिकाला मी हे विचारलं.

"सूर्याकडेच गेले होते मी, बक्षी," कॅप्टनबाई म्हणाल्या.

बाईंच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. पाठ नव्हतं, त्यामुळे फार वाईट वठलं.

"अरे, मी तिथेच होतो! तुझ्यानंतर माझा नंबर होता," बक्षींना आता चेव आला. "मला लख्ख आठवतं. कुंपणापाशी तर कुणीच नव्हतं. गवत कापणारा एक घसियारा तेवढा होता. धावपट्टीकडे पाठ करून बसलेला, डोक्यावरून दुपट्टा घेऊन. आम्ही हसलो होतो की, मागे विमान उडतंय आणि हा गडी वळून बघत नाही! पठाण, लाथ का मारतोस?"

पठाणांनी पाय मागे घेतला. बाई कपबश्या गोळा करू लागल्या, त्यातल्या तीन भरलेल्या होत्या.

बापूंनी हात वर केला आणि नाकातली नळी काढली.

"घसियारा नोहे तो," ते म्हणाले. "मीच होतो."

नळी हातात धरूनच बापू पुढे बोलू लागले.

"मास्तर उतरला, तवा तिच्या बाजूची खुर्ची खाली दिसली. पन्नास किलोची थैली पाठीवर घेऊन माहे पाय कधी डगमगले नाई. त्या दिवशी डगमगले. म्हनून बसलो. पाठ फिरवली. दुपट्टा घेतला, कानात बोटं घातली. कोनी तरी हलवून उठवलं, तवा समजलं का उतरली म्हनून." त्यांनी श्वास ओढला, तो पुरता आत गेला नाही. "म्या काईच नाई पाह्यलं, विशाखा. ना एक चक्कर, ना तीन. साऱ्या गावाले खोटं सांगून राह्यलो. तुले बी."

बक्षींनी कानातलं यंत्र काढलं आणि मुठीत धरून ठेवलं. त्यांचं तोंड पाहवत नव्हतं.

बाईंनी कपबश्या तशाच खाली ठेवल्या. खाटेवर बसल्या. नळी बापूंच्या नाकाला लावली, यंत्रावरचा आकडा पाहिला, बोटाने काटा थोडा वर सरकवला. हात अगदी स्थिर होते. मला वाटलं, आता त्या नेहमीसारखं काही तरी नेमकं बोलतील. त्यांनाही बहुधा तसंच वाटलं असावं, कारण तोंडून जे निघालं त्याने त्या स्वतःच दचकल्या.

"मले तवाच दिसलं होतं बापू, वरून! साऱ्या मैदानात तेवढी एकच पाठ होती. म्हटलं, लवकर उतरावं, माह्या बापाचे डोळे उघडाचे हायेत!"