मऊ पडलेल्या ब्रेकचं प्रकरण

निपाणी आणि आसपासच्या मुलखातला सगळ्यात तल्लख मेंदू आपल्या डोक्यात आहे, ही गोष्ट पद्मराज चौगुलेनं स्वतःच शोधून काढली होती. तो त्याचा पहिला शोध. दुसरा अजून लागायचा होता.

तंबाखूच्या वखारीवरच्या खोलीला त्यानं ‘आंतरराज्य गुप्तहेर’ अशी पाटी लावली होती. आंतरराज्य अशासाठी, की एकदा हरवलेली म्हैस हुडकत तो कागलपर्यंत गेला होता, आणि निपाणी कर्नाटकात, तर कागल महाराष्ट्रात येतं. म्हैस सापडली संकेश्वरला, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला, आणि तीही मालकिणीला. पण एवढा तपशील पाटीवर मावत नव्हता. “माझी नजर भिंतीपलीकडचं बघते,” असं तो आल्यागेल्याला सांगायचा. भिंतीअलीकडचं बघायला त्याला चष्मा लागायचा.

तो चष्मा शोधून देणं हे बुद्धप्रिय कांबळेचं मुख्य काम. बुद्धप्रिय सकाळी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा आणि दुपारनंतर पद्मराजचा सहायक व्हायचा. सहायकाला लागणारी एकमेव पात्रता त्याच्याकडं होती, ती म्हणजे मोटारसायकल. दोघं एका बाकावर शिकलेले, पण कामाच्या वेळी पद्मराज त्याला ‘कांबळे’ म्हणायचा. त्यानं मोठ्या खात्यात असल्यासारखं वाटतं, असं त्याचं म्हणणं. बुद्धप्रिय त्याला पद्माच म्हणायचा. त्यानं कसलंच काही वाटत नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी त्रिशला पाटील जिना चढून वर आली. पद्मराजनं डोळे बारीक केले.

“बोलू नका. तुम्ही बेळगावहून आलाय. वाटेत रडलाय. आणि तुमचा उजवा पाय दुखतोय.”

“मी तुमच्या घरामागं राहते, पद्मण्णा,” त्रिशला म्हणाली. “रडले न्हाय, सर्दी झालीय.”

“पाय?”

“डावा.”

“पाय दुखतोय, हे महत्त्वाचं. लिहून घे, कांबळे.”

बुद्धप्रियनं काही लिहून घेतलं नाही. त्यानं तिला खुर्ची दिली आणि काय झालं ते विचारलं. या धंद्यात हे काम कुणीतरी करावं लागतं.

त्रिशला बेळगावच्या एका कारखान्यात इंजिनिअर होती, दसऱ्याच्या सुट्टीला घरी आली होती. तिला व्हिडिओ गेममध्ये मोटारीची शर्यत खेळायचा नाद. नाद म्हणजे पोरखेळ नव्हे; रविवारी देशभरातल्या खेळाडूंची पात्रता फेरी होती, आणि पहिल्या दहांत येणाऱ्याला दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर खरीखुरी रेसिंगची गाडी चालवायला मिळणार होती. घरची जीप दारात उभी असायची. त्रिशलाकडं लायसन्स होतं. पण जीपची किल्ली तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या खिशात, आणि आप्पांचा खिसा पोरीसाठी कधी उघडला नव्हता. “मला एकदा तरी खरी गाडी चालवायची हाय,” ती म्हणाली आणि तिनं नाक ओढलं; आता मात्र ते सर्दीमुळं नव्हतं.

बेळगावच्या दुकानदारानं तिला खेळायचं स्टिअरिंग आणि दोन तऱ्हेची पेडलं वापरून बघायला दिली होती. स्टिअरिंग पसंत होतं. आत मोटर होती, वळणावर ते हाताला हिसके द्यायचं. घोडं अडलं होतं पेडलांवर. एक जोड साधा, प्लॅस्टिकचा. त्याचा ब्रेक पाय किती खाली गेला एवढंच बघायचा. दुसरा जोड महागडा, लोखंडी. त्याचा ब्रेक पाय किती जोरानं दाबला ते मोजायचा. शर्यतीला दुसराच बरा, असं सगळे म्हणत. पण तो इतका कडक, की ब्रेक दाबला की गाडी थांबायची आणि खुर्ची मागं पळायची. त्याच्यासाठी जमिनीला धरून बसणारा सांगाडा घ्यावा लागतो, आणि त्याला घरात जागा नव्हती.

“म्हणून साधाच ठेवायचं ठरवलेलं,” त्रिशला म्हणाली. “आधी मऊच होता. पण दसऱ्याच्या संध्याकाळी बसले, तर ब्रेक काय लागला म्हणून सांगू. पायाला धरून, घट्ट. डाव्या पायानं दाबून दाबून पाय दुखला, पण सरावात पहिल्या दहांत यायला लागले. आणि परवापासनं परत मऊ. प्रत्येक वळणाला गाडी गवतात जातीया. दुकानाचा माणूस आज संध्याकाळी एक जोड परत न्यायला येणार. कुठला देऊ?”

“म्हणजे,” पद्मराज उठला, “एक ब्रेक कुणीतरी चांगला केला आणि कुणीतरी बिघडवला. मी तीस वर्षांत असं प्रकरण पाह्यलं न्हाय.”

पद्मराजचं वय बत्तीस होतं.

पाटलांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, जेवणाच्या टेबलाला स्टिअरिंग आवळून बसवलेलं होतं. खाली अंधारात पेडलं. पद्मराजनं दारातच हात आडवा केला आणि स्टिअरिंगच्या मधोमध बोट दाखवलं.

“रक्त.”

“कुंकू हाय ते,” त्रिशला म्हणाली. “खंडेनवमीची पूजा झाली न्हवं. मी त्या दिवशी कारखान्यातल्या पूजेला गेलते. आईनं घरातली केली.”

“गुन्हेगारानं रक्त वाटू नये म्हणून कुंकू वापरलं,” पद्मराज म्हणाला. मग तो टेबलाखाली वाकला, आणि बराच वेळ तिथंच राहिला, कारण चष्मा पडला होता. बुद्धप्रियनं तो काढून दिला. “इथं लिंबाचा वास येतोय, कांबळे.”

“येतोय खरा,” बुद्धप्रिय म्हणाला.

“फरशी पुसायचं औषध. म्हणजे कुणीतरी येऊन पुरावे पुसून गेलंय.”

बुद्धप्रियच्या मनात काहीतरी हललं, पण तेवढ्यात पद्मराज खुर्चीत बसला आणि साध्या पेडलांवर गाडी चालवायला लागला. त्याची गाडी पहिल्या वळणाला भिंतीवर गेली. तिथनं ती उलटी वळली आणि समोरून येणाऱ्या सगळ्यांना नमस्कार करत निघाली. “ट्रॅकमध्ये दोष हाय,” असं त्यानं नोंदवलं. मग त्रिशलानं लोखंडी पेडलं पुढं सरकवली. पद्मराजनं सगळा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी थांबली. चाकांची खुर्ची पद्मराजसकट निघाली, सोपा ओलांडून गेली, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून थांबली. चौकशीची जागा बदलली.

आत त्रिशलाची आई, कांताकाकू, भाकऱ्या करत होत्या.

“काय हुडकताय रं पोरांनो?” त्यांनी विचारलं.

“तांत्रिक भानगड हाय, काकू. तुम्हाला कळायची न्हाय,” पद्मराज म्हणाला. “जरा पाणी द्या.”

काकूंनी पाणी दिलं. सगळ्या निपाणीत ज्या एका माणसाला विचारायला हवं होतं, त्याच्या हातचं पाणी पिऊन पद्मराज परत आला. हे पुढं बुद्धप्रियला कित्येक दिवस आठवत राहिलं.

सोप्यात येऊन त्यानं आपला पहिला निष्कर्ष सांगितला. हे काम महाग पेडलवाल्यांचं. आधी साधा ब्रेक चांगला करायचा, गिऱ्हाइकाला चटक लावायची, मग तो बिघडवायचा, म्हणजे गिऱ्हाईक धावत महागाकडं जातं.

“पण साधा जोडही त्याच कंपनीचा हाय,” त्रिशला म्हणाली.

“तर मग अंतर्गत वैर.”

“पद्मा, त्यांना पाटलांचं घर कसं माहीत?” बुद्धप्रियनं विचारलं.

पद्मराजनं हा निष्कर्ष सोडला आणि कोल्हापूरच्या कुणा खेळाडूनं इंटरनेटच्या तारेतून ब्रेक मऊ केल्याचा दुसरा धरला. तार उपटून बघितली. ब्रेक मऊ तो मऊच. “मग एकच राहतं,” पद्मराज आवाज खाली आणून म्हणाला. “घरातला माणूस. ज्याला पोरीनं गाडी चालवलेली आवडत न्हाय.”

ते त्रिशलालाही रात्रीपासनं वाटत होतं, आणि ते खरं निघू नये म्हणूनच तर ती वखारीचा जिना चढली होती. बुद्धप्रियला तिचं वाईट वाटलं.

आप्पा बाहेर कट्ट्यावर बसले होते. संशयिताची चौकशी कन्नडमधून करायची, म्हणजे तो बावरतो, असा पद्मराजचा नियम. आप्पा घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलत आलेले, त्यामुळं त्यांना भाव ठरवायला कुणीतरी आलंय असं वाटलं, एवढाच फरक पडला.

“मुलीबद्दल थोडं विचारायचं होतं,” पद्मराज शेवटी मराठीत आला.

आप्पा एकदम सावरून बसले. टोपी नीट केली. निपाणीत गुप्तहेर घरी येऊन मुलीबद्दल विचारतो, तो एकाच कारणासाठी.

“विचारा की. मुलाकडचे कुठले म्हणायचे?”

“ते गुप्त हाय.”

“बरोबर, बरोबर. मुलगी लई शांत. शिकलेली. स्वैपाक येतो.”

“आणि गाडी?”

“छे छे,” आप्पा घाईघाईनं म्हणाले. “गाडीबिडी कायबी न्हाय. तसलं वळण न्हाय आमच्यात. मी स्टिअरिंगला हात लावू देत न्हाय. त्या टेबलावरच्या खेळण्याचं मनावर घेऊ नका, लग्न झालं की सुटंल.”

“कबुली,” पद्मराज बुद्धप्रियच्या कानात म्हणाला.

दारात त्रिशला उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला दुकानाची गाडी वळली, आणि ती आत गेली. बुद्धप्रिय मागोमाग गेला. ती साध्या पेडलांची वायर गुंडाळत होती.

“लोखंडीच ठेवते,” ती म्हणाली. “खुर्ची घसरंल तर घसरू दे.”

“थांबा,” पद्मराज खोलीच्या मधोमध उभा राहिला. “सगळ्यांना बोलवा.” सगळे म्हणजे आप्पा, आणि काकू चहा घेऊन आल्याच होत्या. “या घरात एका ब्रेकचा घात झालाय. दसऱ्याला तो कडक होता, परवा मऊ पडला. आणि तो मऊ करणारा माणूस आत्ता या खोलीत हाय.”

“व्हय,” काकू म्हणाल्या. “मीच की. लिंबू काढलं न्हवं.”

काकूंनी बशा मांडल्या.

“कसलं लिंबू, आई?” त्रिशलानं विचारलं.

“पूजेचं. खंडेनवमीला जीपच्या चाकांखाली ठेवतोय तसलं. जीपची पूजा केली, पंपाची केली, शिलाई मशीनची केली. मग म्हटलं हिच्या गाडीची राह्यली. तर त्याला खाली चाकच न्हाय. सगळीकडनं बघितलं. मग ब्रेकच्या खाली फटीत बसवलं एक बारकं. परवा बघितलं तर पार पिचून गेलतं, काढून मागं परड्यात टाकलं.”

बुद्धप्रिय टेबलाखाली वाकला. पेडलच्या मागं, बरोबर लिंबाएवढी फट होती. आता वास कशाचा ते कळायला गुप्तहेर लागत नव्हता. पाय अर्ध्यात लिंबावर टेकत असणार, आणि पुढं किती खाली जायचं ते जोरावर ठरत असणार. लोखंडी ब्रेक जे करतो तेच, फक्त अर्ध्याच वाटेवर, आणि खुर्ची ढकलण्याइतकं कडक नव्हे. तो ते समजावून सांगणार होता, पण त्रिशला केव्हाच स्वयंपाकघरातल्या टोपलीतलं लिंबू घेऊन खाली बसली होती. तिनं फटीत लिंबू बसवलं, वायर जोडली, खुर्ची ओढली. पहिल्या वळणाला गाडी दबली, वळली आणि सुटली. गवताला लागली नाही.

“मला लिंबाचा संशय वासावरनंच आला होता,” पद्मराज म्हणाला.

“पण काकू, ब्रेकच्याच खाली का?” बुद्धप्रियनं विचारलं. “शेजारी आणखी एक पेडल होतं.”

“ते पळायचं,” काकू म्हणाल्या. “पळायचं काय, पोरगी पळतीच. थांबता आलं पायजे.” त्यांनी पदराला हात पुसले. “सगळी खेळणं म्हणत्यात त्याला. माझ्या लेकीची पहिली गाडी ती. तिची पूजा करायची न्हाय व्हय?”

त्रिशलाच्या हातातलं स्टिअरिंग थांबलं. तिची गाडी ट्रॅकच्या मधोमध उभी राहिली आणि मागच्या सगळ्या गाड्या तिला धडकत गेल्या, तरी तिनं लवकर डोळे पुसले नाहीत. आप्पा चहात बघत राहिले. दुकानाचा माणूस दारात आला, तेव्हा लोखंडी जोड पद्मराजनंच उचलून त्याच्या हवाली केला, आणि जाताना त्याला आपलं कार्ड दिलं.

रविवारी सगळे पाटलांच्या सोप्यात जमले. काकूंनी सकाळीच ताजं लिंबू बसवलं होतं. पद्मराजनं ते भिंग लावून तपासलं आणि निर्दोष ठरवलं. शर्यत संपली तेव्हा पडद्यावर यादी आली. त्रिशला पाटील, निपाणी, आठवी. बुद्धप्रियनं ते मोठ्यानं वाचलं, आणि मग आप्पांनी चष्मा लावून परत एकदा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान आला होता, तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

“चांगलं झालं,” ते म्हणाले. “पण ते गेममधलं. आता ती खरी गाडी देणार म्हणत्यात. हिनं रस्त्यावर गाडी चालवलीय कधी? भ्या वाटतंय मला.”

ते पहिल्यांदाच असं बोलले होते. काकू उठल्या, नवऱ्यासमोर जाऊन हात पुढं केला, आणि तसाच धरून राहिल्या. आप्पांनी बायकोकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, आणि खिशात हात घातला.

जीप दारात होती. काकू डाव्या बाजूनं चढल्या, पट्टा ओढून लावला, पदर नीट केला. त्रिशला पलीकडं चढली. बुद्धप्रिय आणि पद्मराज दारात उभे होते.

“ह्यात ब्रेक कुठला, ते ठाऊक हाय न्हवं?” काकूंनी विचारलं.

“मधला.”

“मग बास झालं. चल.”