मेजरची टेप

मेजरच्या घरी गेलात तर चहा मिळायच्या आधी छाती मोजून घ्यावी लागते. यातून सूट कुणालाच नाही, मग तो ग्रामसेवक असो, सोयरा असो नाहीतर विजेच्या मीटरचं रीडिंग घेणारा असो. दारात पाऊल पडलं की मेजर खिशातून शिंप्याची पिवळी टेप काढतो, "हात वर" म्हणतो, टेप पाठीमागून फिरवून आणतो आणि हुकूम सोडतो, "आता घ्या श्वास. भरा. आजून भरा." तुम्ही गाल फुगवून उभे. तो आकडा बघतो आणि निकाल देतो. निकाल दोनच, फिट नाहीतर अनफिट. मी तेरा वर्षं त्याचा शेजारी आहे आणि तेरा वर्षं अनफिट आहे.

"भाऊसाहेब, सत्त्याहत्तर पायजे, ती तुमची हाय. पन फुगवल्यावर पाच वाढाया पायजे. तुमची दोनच वाढती. आन् ती बी छाती न्हवं, पोट वाढतंय."

मी मूळचा संगमनेरचा. इथल्या हायस्कुलात क्लार्क म्हणून लागलो आणि कर्जत तालुक्यातल्या या कोरड्या गावात येऊन पडलो. गावात क्लार्कला भाऊसाहेब म्हणायची पद्धत आहे, तेवढीच काय ती माझी शान. तीही मेजरच्या दारात दोन सेंटिमीटरवर येते.

मेजरचं खरं नाव बबन. शेती सहा एकर, शेळ्या अकरा. फौजेत तो एक दिवसही नव्हता. ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत आहे, तरी शाळेतल्या पोरापासून सरपंचापर्यंत सगळे त्याला मेजरच म्हणतात आणि तोही "हजर!" म्हणून ओ देतो. सकाळी शेळ्या सोडताना तो त्यांची हजेरी घेतो. एखादी ओरडली नाही तर तिचं नाव पुन्हा पुकारतो.

फिट-अनफिट हे नुसतं माणसांपुरतं नाही. वांगी, एसटी, नवा डांबरी रस्ता, सरपंचाचं भाषण, सगळ्यांना निकाल मिळतो. एकदा त्यानं सुमनवहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, आमटीला अनफिट म्हटलं. वहिनींनी पुढचे दोन दिवस चूलच पेटवली नाही. मेजर आमच्याकडं जेवला. तेव्हापासून स्वयंपाकाला निकाल देणं त्यानं बंद केलं.

त्याचा निकाल खोटा मात्र कधी नसतो. आमदारांची छाती त्यानं सभेच्या मंडपात मोजली होती आणि माईक चालू असताना अनफिट सांगितली होती. सख्ख्या मेव्हण्याला अर्ध्या सेंटिमीटरनं नापास केलं, तो अजून दिवाळीला येत नाही. "टेप कुनाची भीड धरत न्हाई," असं मेजर म्हणतो.

ही टेप कुठून आली ते सांगतो, म्हणजे बाकीचं सगळं कळेल.

सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी बबन नगरला भरतीला गेला होता. धावण्यात पहिल्या पाचांत आला. उंची पास. छाती पास, फुगवून सहा वाढली. दात, डोळे, पाय, सगळं पास. शेवटी कागद बघणाऱ्यानं शाळेचा दाखला उलगडला आणि म्हणाला, तुझं वय एकवीसच्या वर गेलंय, चल बाहेर. बबन खरं तर एकोणीसचा होता.

झालं होतं असं की शाळेत नाव घालताना त्याच्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, चार वर्षांच्या पोराचं वय सहा सांगितलं. गुरुजींनी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे जन्मतारीख टाकली एक जून. आमच्या शाळेचं जुनं रजिस्टर कधी बघितलंत तर वाटेल, अख्खं गाव एकाच दिवशी जन्मलं आणि सुईण एकटीच होती. त्या एका ओळीनं बबनची फौज गेली. तो मैदानाबाहेर आला, समोरच्या दुकानातून टेप विकत घेतली, रस्त्यावर उभं राहून स्वतःची छाती पुन्हा मोजली आणि घरी आला. त्या दिवशी तो आण्णांशी जे भांडला, ते आजूबाजूच्या चार वस्त्यांनी ऐकलं. त्यानंतर तो आण्णांशी थेट बोलला नाही.

थेट बोलला नाही म्हणजे, बोलायचा, पण भिंतीशी. दोघं एकाच घरात, एकाच ओट्यावर. "ज्याला च्या प्यायचाय त्यानं प्यावा, निवतोय," असं मेजर खांबाकडं बघून म्हणायचा. आण्णा तितक्याच शांतपणे शेळीला सांगायचे, "च्यात साखर कमी हाय म्हनावं." ही कला दोघांनी इतकी वाढवली होती की परक्या माणसाला पत्ताच लागायचा नाही. एकदा ओट्यावर साप निघाला, तेव्हा मेजर गोठ्यातून ओरडला, "ज्याच्या पायापाशी जनावर हाय, त्यानं ताबडतोब उठावं!" आण्णा उठले. साप गेला. मग आण्णा शेळीला म्हणाले, "नाव घेतलं आस्तं तर लवकर उठलो आस्तो."

मेजरला एकच मुलगी, आशा. तिला पाचवीत घालायला तो माझ्याकडं आला तेव्हा जन्माचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. मी तारीख लिहिली, त्यानं तीनदा वाचून घेतली, शाई वाळेपर्यंत हलला नाही. "भाऊसाहेब, एका दिवसाचा बी फरक नको." दरवर्षी जूनमध्ये येऊन तो ती तारीख पुन्हा बघून जायचा. तपासणीला येणारे साहेबसुद्धा रजिस्टर एवढं बघत नाहीत.

मुलींना भरतीत छाती मोजत नाहीत, उंची आणि धाव बघतात. मेजरनं दाराच्या चौकटीवर एकशे बासष्टला खिळा ठोकला. आशाचं डोकं त्या खिळ्याला लागलं त्या दिवशी त्यानं आळीत पेढे वाटले. दोघं रोज पहाटे पळायला जायचे. पुढं पुढं मेजरला दम लागायला लागला, मग तो मैलाच्या दगडावर शिट्टी घेऊन बसायचा आणि ती पळायची.

सुमनवहिनींना हे अजिबात मान्य नव्हतं. त्यांनी भावाकरवी बेलापूरकडचं एक बागायती स्थळ आणलं. मुलगा देखणा होता, ट्रॅक्टर होता. पोहे खाऊन झाल्यावर मेजरनं त्याला उभा केला.

"श्वास घ्या, पावनं."

पाव्हण्यानं घेतला.

"घेतला का?"

"घेतला की."

"मंग टेपला का कळंना?" मेजर मुलाच्या बापाकडं वळला. "तीन वाढती. अनफिट. पोरगं चांगलं हाय, पन अनफिट."

त्या दिवशी वहिनींनी घर डोक्यावर घेतलं. "तुमची फौज हुकली त्याचा सूड माज्या लेकीवर घेताव व्हय? चार लोकांत लाज न्हाई ऱ्हायली!" आशा मधे पडली, "आये, मला कुनी ढकलीत न्हाई. मलाच जायचंय." वहिनी आठ दिवस माहेरी जाऊन राहिल्या. मेजरनं आठ दिवस करपलेल्या भाकरी खाल्ल्या आणि त्यांना फिट म्हणायचं धाडसही केलं नाही. वहिनी आल्या, पण लेकीशी बोलायच्या त्या तोंड फिरवून. या घरात न बोलण्याचा शिरस्ता होताच, त्यात एकाची भर पडली.

आणि मग आशाला पुण्याच्या भरतीचं बोलावणं आलं.

मला वाटलं, आता मेजर हलगी लावेल. पण चार दिवस त्याच्या घरातून शिट्टी ऐकू आली नाही. शेळ्यांची हजेरी झाली नाही. मी मुद्दाम चहाला गेलो तर त्यानं माझी छातीही मोजली नाही, आणि खरं सांगतो, मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत तो ऑफिसात आला. दार लोटून घेतलं. समोरच्या खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला.

"भाऊसाहेब, दाखल्यावरची तारीख बदलता येती का?"

मला वाटलं, इतक्या वर्षांनी स्वतःची दुरुस्त करायला आला. मी म्हटलं, "मेजर, आता बदलून काय उपयोग? पन्नाशीला टेकलात."

"माजी न्हवं. आशीची." तो टेबलाच्या काचेकडं बघत होता. "तिला द्याच्या दाखल्यावर. जरा मागं घ्याची. दोन वर्सं, तीन वर्सं. तुमच्या हातनं चूक झाली म्हनायचं. लिहिताना व्हती की मानसाकडनं."

मी पेन खाली ठेवलं. वय वाढवून मागत होता. म्हणजे पोरगी पुण्याला धावणार, उंचीत बसणार आणि शेवटी कागद बघणारा तिला सांगणार, चल बाहेर. जी तारीख नऊ वर्षं हा माणूस दरवर्षी येऊन तपासून जात होता, तीच तारीख.

मला राग आला. तेरा वर्षांत पहिल्यांदाच मी त्याच्यावर आवाज चढवला. "मेजर, एकाच घरात हे दोनदा करायचं? बापाशी सव्वीस वर्षं बोलला नाहीत ते कशापायी? तारीख कॉम्प्युटरवर गेलीय, बदलता येत नाही. आणि येत असती तरी मी बदलली नसती."

 तो टेप खिशातून काढून बोटाला गुंडाळायला लागला.

"रोज पळताना वढ्याच्या वळनाला ती मागं बघायची, भाऊसाहेब. मी बसलोय का न्हाई ते. परवा बघितलंच न्हाई. सरळ गेली." टेपचा वेढा त्यानं सोडला. "पोरगी फिट हाय हो. घेत्यात तिला. म्हनून तर भ्या वाटतंय."

मी शिपायाला सांगून चहा मागवला. अर्धा कप पिऊन तो उठला, दारात थांबला आणि म्हणाला, "आशीला सांगू नका."

मी कुणालाच सांगितलं नाही. दाखला खऱ्या तारखेचा दिला. मेजर स्वतः तिला पुण्याला घेऊन गेला आणि येताना पेढे घेऊन आला. सगळ्यात पास. कागदसुद्धा.

ती ट्रेनिंगला निघाली त्या सकाळी आम्ही सगळे फाट्यावर होतो. सुमनवहिनींनी तोंड फिरवलेलंच होतं, पण हातात डबा होता आणि त्यात चार दिवस पुरतील एवढे धपाटे होते. आशा पाया पडली तेव्हा मात्र त्यांनी तिला असं काही कवळलं की कंडक्टरला दोनदा घंटी मारावी लागली. एसटी हलली. आशानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि पार वळणापर्यंत मागं बघत राहिली. मेजर सावधान उभा होता. सलाम करायला हात उचलला खरा, पण तो डोळ्यांशीच थांबला.

घरी येऊन आम्ही ओट्यावर बसलो. वहिनी आत गेल्या. आण्णा नेहमीच्या जागी खांबाला टेकून बसले होते, त्यांना फाट्यापर्यंत चालवत नव्हतं.  मग मेजर रिवाजाप्रमाणे खांबाला म्हणाला, "ज्यानं दोन वर्सं वाढवून सांगितली, त्याच्या मनात काय हुतं ते एकदा सांगावं."

आण्णांनी शेळीकडं बघितलं नाही. सरळ मुलाकडं बघितलं.

"बबन्या, तू इचारलंसच कवा? तू भांडलास." म्हातारा सावकाश बोलत होता. "आमी ऊस तोडाया जायाचो. फडावर पाचटाची कोपी आस्ती, तिच्यात निजायचं. चार वर्साचा हुतास. थंडीनं तुजी छाती अशी घरघरायची की रातभर तुजी आय तुला उभं धरून बसायची. डाक्टर म्हनला, पुढल्या साली पोरगं फडावर आनलं तर माघारी न्हेनार न्हाईस. शाळंच्या वसतिगृहात ठिवावं तर सा वर्साच्या आत कुनी घेत न्हवतं. मंग सांगितलं सा." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "फौज आमाला कुठं ठावं हुती? छाती ऱ्हावी येवढंच बघितलं."

मेजर उठला. मला वाटलं, आत जातोय. तो आण्णांच्या पुढ्यात उकिडवा बसला. खिशातून टेप काढली.

"आण्णा, हात वर."

सव्वीस वर्षांत त्यानं मोजली नव्हती अशी गावात ही एकच छाती. आण्णांनी हात उचलले. त्यानं टेप पाठीमागून फिरवून आणली, सदऱ्यावर नीट बसवली.

"आता घ्या श्वास. भरा. आजून."

आण्णांनी डोळे मिटून घेतला. मी शेजारीच होतो, मला आकडा दिसत होता. एकोणसत्तर. श्वास भरून सत्तरसुद्धा पुरे झाले नाहीत.

"किती रं?" आण्णांनी विचारलं.

मेजर टेपकडं बघत राहिला. ज्यानं आमदाराला सोडलं नाही, मेव्हण्याला सोडलं नाही, त्या माणसानं टेप हळूच सैल केली आणि बापाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला,

"फिट हाय, आण्णा."