आधारवर्ष

जे उधळलेलंच नाही ते वाचवता येत नाही, हे बचतीचं मूलतत्त्व आहे. पुष्कळांना ते फार उशिरा कळतं. नगरपालिकेला मात्र वेळेवर कळलं, याबद्दल तिचं कौतुक करावं तेवढं थोडं.

ऊर्जा बचत धोरण एकमताने मंजूर झालं (त्या दिवशी सभागृहात सूचक आणि अनुमोदक असे दोघेच होते). आधारवर्षात जेवढी वीज लागेल, तिच्या तीस टक्के वीज पुढच्या वर्षी वाचवायची. त्यासाठी ऊर्जा बचत कक्ष उघडण्यात आला. खिडक्यांसमोर फायलींची कपाटं आल्यामुळे कक्षाला आठ ट्यूबलाइट आणि दोन एसी लागले, पण कामाचं गांभीर्य पाहता ते कमीच म्हणायचे.

कक्षाने मीटरच्या जुन्या नोंदी काढल्या आणि डोक्याला हात लावला. इमारत चार मजली, कर्मचारी एकशे चाळीस, आणि वापर एखाद्या खटल्याच्या घराइतका. यातून आणखी तीस टक्के कमी करायला एकच मार्ग होता, लिफ्ट बंद करण्याचा (मुख्याधिकारी चौथ्या मजल्यावर बसतात, त्यामुळे तोही नव्हता).

चौकशीअंती दोषी सापडला. पालिकेचे वायरमन. सगळे त्यांना बटणकाका म्हणत. गेली सव्वीस वर्षं हा माणूस जेवणाच्या सुट्टीत आणि कचेरी सुटल्यावर चारही मजले फिरून रिकाम्या खोल्यांतले दिवे-पंखे बंद करत होता. कोणाचा आदेश नव्हता, लेखी परवानगी तर नव्हतीच. हात आपोआप बटणाकडे जाई.

काकांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. ‘आपल्या वैयक्तिक सवयीमुळे संस्थेच्या संभाव्य बचतीचे सव्वीस वर्षे नुकसान झाले आहे. आधारवर्षात आपण एकही दिवा बंद केल्याचे आढळल्यास आपणास सेवेतून कमी करण्यात येईल.’ काकांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, आणि पंपहाउसमागच्या दोन खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या होत्या. नोकरी गेली की छप्परही जाणार. त्यांनी घरी ती नोटीस दोनदा वाचून दाखवली.

“म्हणजे दिवा बंद करायचा नाही?” बायकोने विचारलं.

“नाही.”

“मग करू नका. कचेरीतल्या बाकीच्यांना जमतंच की.”

आधारवर्ष उजाडलं आणि पालिका झडझडून कामाला लागली. गच्चीवरच्या सौर पॅनेलमुळे मीटर हळू फिरतो असं लक्षात येताच त्यांच्यावर ताडपत्री टाकण्यात आली (धूळ बसू नये म्हणून). जिन्यात भरदुपारी दिवे लागले. रेकॉर्ड रूममध्ये वर्षातून दोनदा माणूस जातो. तिथे चार पंखे अखंड फिरू लागले. त्या वाऱ्याने जन्माच्या नोंदी मृत्यूच्या नोंदींत मिसळल्या, पण युनिट वाढले. पहिल्या तिमाहीत वापर एकशे बारा टक्क्यांनी चढला, दुसरीत एकशे नव्वद. आस्थापना विभागाला फिरती ढाल मिळाली.

काका हात मांडीखाली दाबून खुर्चीवर बसून राहत. त्यांना मनापासून वाईट वाटे. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा दिसला, की रडतं मूल तसंच सोडून पुढे गेल्यासारखं होई. सातव्या महिन्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या बैठक खोलीत बावीस दिवे जळताना पाहून त्यांचा हात गेलाच. नेमके मुख्याधिकारी दारात उभे.

“काका, काय चाललंय?”

काकांच्या डोळ्यांपुढे पंपहाउसमागचं घर उभं राहिलं. “पुसतोय, साहेब. बटणांवर धूळ होती.”

“पुसा. पण चालू ठेवून पुसा.” (वायरमनच्या प्रशिक्षणात नेमकं उलट शिकवतात.)

वर्ष कसंबसं सरलं. दुसऱ्या दिवशी काकांना लेखी आदेश आला: पूर्ववत फिरावे. काका चारही मजले अक्षरशः धावले. वर्षअखेर बचत अडुसष्ट टक्के भरली, पालिका राज्यात पहिली आली आणि मुख्याधिकाऱ्यांचा शाल देऊन सत्कार झाला. काकांची नोकरी वाचली. शिवाय त्यांना ऊर्जा निरीक्षक नेमण्यात आलं.

कारण धोरण आता घरोघरी पोचवायचं होतं. तीस टक्के बचत करणाऱ्या घराला ‘हरित घर’ अशी पितळी पाटी मिळणार होती. अट एकच: घरात मुळात उधळपट्टी हवी, आणि ती निरीक्षकाने डोळ्यांनी पाहिलेली हवी. काकांचं स्वतःचं घर पहिल्याच छाननीत बाद झालं. बायको चार दिवस बोलली नाही.

वाचकहो, गेल्या गुरुवारी काका तुमच्याही दारावरून गेले. तुम्ही वाचत बसला होतात, म्हणून त्यांनी बेल वाजवली नाही. बाहेरूनच पाहणी केली. माणूस एका खोलीत, दिवे तीन खोल्यांत, आणि हॉलमधला पंखा एकट्या सोफ्याला वारा घालत होता. त्यांचा हात खिडकीच्या गजांतून आत जायला निघाला होता. मग पंपहाउसमागचं घर आठवून त्यांनी तो खिशात घातला, आणि तुमच्या नावापुढे शेरा लिहिला: पात्र.

पाटी लवकरच येईल. तोवर कृपया उठून काही बंद करू नका.