धानाच्या पिच्चरमधले झटके

तुरकर काकाजींना मोटरसायकलवर मागे बसवून एकदा अर्जुनी मोरगावच्या बाजारातून फिरवून आणा, आणि मग सांगा मला, तुमचं डोकं ठिकाणावर राहिलं का. प्रत्येक ब्रेकला पाठीवर थाप. "झटका! झटका देऊन राहिला तू!" खड्डा चुकवला तरी थाप, नाही चुकवला तरी थाप. उतरताना वर विचारणार, "लायसन कोनं देल्लं गा तुले?"

माणूस जन्मभर एस.टी. चालवून रिटायर झालेला. अभिमान एकाच गोष्टीचा. "बाई झोपलेलं लेकरू घेऊन बसे, गोंदिया येऊन जाय, लेकरू उठे नाई." घरातही तोच कायदा. दार आपटलं की शिव्या, बादली आदळली की शिव्या. काकी होत्या तेव्हा विचारायच्या, "मंग भांडे का हवेत घासू?" काकी गेल्या. भांडी वाजायची थांबली, काकाजींची कटकट तेवढी राहिली, आणि शेजारी म्हणून ती माझ्या वाट्याला आली.

माझा धंदा लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचा. नवरा-नवरीला बदामात बसवायचं, बदाम फिरवायचा, शेवटी त्यातून कबुतर उडवायचं. लोक याला कला म्हणतात. म्हणू द्या बापडे.

काकाजींचा मुलगा विलास नागपूरला नोकरीला लागला. पहिल्या पगारात बापाला डिजिटल कॅमेरा आणून दिला आणि म्हणाला, "बाबा, घरामागच्या बांधीतल्या धानाचा रोज एक फोटो काढा. रोवणीपासून कापणीपर्यंत. मग सगळे जोडून आपण पिच्चर बनवू. दोन मिनिटांत धान मोठं होताना दिसेल." पोरगा बोलून मोकळा झाला. इकडे बापाने परसात, भाताच्या त्या तुकड्याच्या कडेला, लोखंडी पाइप सिमेंटात गाडला, वर कॅमेऱ्यापुरती बैठक केली, आणि रोज सकाळी चहा झाला की एक फोटो. गाय त्या पाइपाला अंग घासायला आली की काकाजी काठी घेऊन धावायचे.

असे दोन हंगाम झाले. मधल्या काळात विलास नागपूरहून बंगलोरला गेला. मग एक दिवस काकाजींनी सगळ्या फोटोंची मेमरी कार्डं माझ्या टेबलावर आणून टाकली. "विलास दिवाळीले येऊन राहिला. त्याले दाखवाचं हाये. झटका नाई पायजे."

मी फोटो जोडले, लावून दाखवले. धान छान वाढत होतं, आणि एकदम टुणकन उडालं. "झटका!" काकाजी ओरडले, आणि त्यांचा उजवा पाय फरशीवर कचकन दाबला गेला. ब्रेकच मारला म्हाताऱ्याने! मधल्या दिवसांचे फोटोच नव्हते. दुसरीकडे उलटा प्रकार. बांधीत रानडुकरं शिरली त्या सकाळी रागारागाने एकाच जागेचे दहा-दहा फोटो काढलेले, तिथे धान वाढायचं सोडून नुसतं उभं. जास्तीचे फोटो मी उडवले. जिथे नव्हते तिथे अलीकडचा आणि पलीकडचा फोटो एकावर एक चढवून मधले दिवस तयार करत बसलो. त्यात लोडशेडिंग. लाइट गेली की केलेलं सगळं पाण्यात. लग्नवाले आपल्या बदामाची वाट बघत माझ्या नावाने बोटं मोडत होते, आणि काकाजी रोज येऊन खुर्चीत बसून फरशी दाबत होते.

दिवाळीच्या तोंडावर दुकानातच त्यांना विलासचा फोन आला. काकाजी नुसतं "हो, हो" म्हणत राहिले. फोन खिशात घातला.

"सुट्टी नाई म्हनते. पिच्चर मेलवर पाठवा म्हनते."

माझं टाळकंच फिरलं. मेलवर! बाप दोन वर्षं पाइपापाशी उभा आणि साहेबांना मेलवर पाहिजे! समोर असता तर कॉलर धरली असती. तो बंगलोरला, म्हणून मी काकाजींवरच उखडलो.

"दुसऱ्या वर्षी तुमचा एक फोटो नाई चुकला. मंग पहिल्याच वर्षी काऊन चुकले? मले ताप झाला ना फुकटचा! कॅमेरा बिघडला होता का?"

"नाई गा. विलास आला होता."

"अन् हे पोळ्याचे दिवस?"

"विलासच. नागपूरहून येऊन जाय ना तवा. तो असला का सकारचा चहा दुपारपर्यंत चाले. मंग तलावावर मासोऱ्या आनाले जाऊ. फोटोचं ध्यानातच नाई राहे."

हात रिकामे नकोत म्हणून मी दुसरं वर्ष लावलं. रोवणी, हिरवं रान, लोंब्या, कापणी. सगळं सरसर गेलं. कुठेच काही नाही. काकाजींनी शेवटपर्यंत बघितलं आणि शाबास म्हणाले नाहीत.

"हे विलासले पाठव. साफ हाये. बापानं काम बराबर केलं म्हनंन." मग खुर्ची पुढे ओढली. "मले पहिलं वर्ष दे. तू मधात घुसवले ते फोटो काढून टाक."

"झटके येतीन, काकाजी."

"येऊ दे."

काढले. इतक्या मेहनतीने बनवलेले सगळे दिवस काढून टाकले आणि पहिलं वर्ष लावलं. धान हिरवं होत गेलं, पोळ्यापाशी आलं आणि टुणकन उडालं.

सवयीने मी खाली बघितलं. काकाजींचा पाय हलला नव्हता.