निळ्या पट्ट्यांचे सावंतकाका

चहा गॅसवर आहे, उतू गेला तरी चालेल, पण हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं! आमच्या खाली राहणारे सावंतकाका आईची शिलाई मशीन चालू असेल तरच चित्र काढतात. म्हणजे, काढायचे.

बुवापाड्यातली आमची बिल्डिंग. वर आई ब्लाऊज शिवते, खाली काका ब्रश घेऊन उभे. मशीन थांबली की खिडकीतून हाक, "वहिनी, थांबलात का? माझा निळा सुकतोय!"

"भाजीला फोडणी देऊ की नको, भाऊजी?"

"द्या, पण लवकर द्या!"

काका रंगाच्या कंपनीत शेड तपासायचे. रिटायर झाले तरी सगळ्याला शेडच. मी चिडले की, "सोनल, आज तुझी शेड तिखट आहे हां." चित्रात माणूस नाही, झाड नाही, नुसते पट्टे. गणपतीत मंडपात एक लावलं, तर जोशीकाकू म्हणाल्या, "मोर छान आलाय." काका म्हणाले, "मोर नाही हो, शनिवारची दुपार आहे."

मग आईचे गुडघे गेले. गेल्या महिन्यात मशीनला मोटर बसवली. आता पायाची खडखड नाही, नुसतं घुंऽऽऽ. काका ब्रशसकट वर आले, दोन मिनिटं ऐकत उभे राहिले. "बरं झालं वहिनी, पायाला आराम," म्हणाले आणि गेले. त्यानंतर खालून एकही हाक नाही.

काल मी खाली गेले. मोबाईलवर पायमशीनचा आवाज शोधून नेला होता, म्हटलं काका लगेच सुरू होतील! त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

"छान आहे गं. पण ही मशीन चालवणारी बाई कोण, मला माहीत नाही ना."

भिंतीला अर्धं चित्र टेकवलेलं. निळ्या पट्ट्यांच्या मध्येमध्ये कोरे चौकोन.

"हे भरायचे राहिलेत?"

"नाही. तुझी काकू उल्हासनगरच्या जीन्स घरी शिवायची. तू नाही पाहिलंस तिला, मी इथे आलो तोच एकटा. दिवसभर मशीन. आम्ही फार बोललोच नाही कधी. फक्त दोरा ओवायला थांबली की चष्म्यावरून माझ्याकडे बघायची. ते बघणं म्हणजे हे कोरे चौकोन. तुझ्या आईचा पाय मशीनवर अगदी तिच्यासारखा पडायचा."

मी मोबाईल बंद केला. वर आले, तर आई जमिनीवरून न कण्हता उठली, किती महिन्यांनी! हसत होती. तिला काय सांगू?

तुमच्याकडे झालंय का असं, एकाचं दुखणं थांबलं आणि त्यामुळेच दुसऱ्याचं सुरू झालं? मग काय केलंत तुम्ही?