दिवस घेऊन निघालेली जीप

काशिनाथभाऊ संध्याकाळी जीप घेऊन आमच्या गल्लीत शिरले की कोंबडा आरवायचा. खोटं नाही सांगत. कोपऱ्यावरच्या मावशींचा कोंबडा बिचारा नुकता डोळे मिटून बसलेला असायचा, भाऊंच्या दिव्यांचा झोत खुराड्यावर पडायचा आणि त्याला वाटायचं, उजाडलं. मावशी भांडायला बाहेर यायच्या. भाऊ खाली उतरून हात जोडायचे, "मावशी, रागावू नका. कोंबड्याने पास केले म्हणजे दिवे चांगलेच लागले म्हणायचे!"

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा आमच्या गल्लीत टीव्ही आलेला नव्हता. तसा कुणाला लागतही नव्हता, भाऊ होते ना. नाशकात द्वारका चौकाजवळ आमची कॉलनी. सगळी बौद्धांची घरं. कुणी कारकून, कुणी मास्तर, कुणी कारखान्यात. भाऊ पाटबंधारे खात्यात कारकून. ऑफिसात म्हणे दिवसभर एक शब्द बोलायचे नाहीत. माझा काही विश्वास बसायचा नाही, कारण घरी आले की जीपखाली उताणे निजून अखंड बोलायचे. आम्हा शेजाऱ्यांना भाऊंच्या तोंडापेक्षा त्यांचे तळवेच जास्त ओळखीचे होते.

जीप त्यांनी देवळालीच्या बाजूला कुठल्याशा लिलावात घेतली होती. मिलिटरीची, म्हातारी, पत्रा ठिकठिकाणी पोचलेला. पण भाऊंना दुखायचं ते एकच. "ताई," मला म्हणायचे, "हे दिवे नाहीत हो, उदबत्त्या आहेत. लागल्यात का, ते बघायला बॅटरी घेऊन जावं लागतं."

मग सुरू झालं. द्वारकेवरच्या भंगारवाल्यांकडून ट्रकचे मोठे दिवे आले. त्यांना गाडीची जुनी बॅटरी पुरेना, म्हणून दुप्पट ताकदीची नवी बॅटरी आली. मग पुढच्या बंपरवर दोन पिवळे दिवे, धुक्यासाठी. नाशकात धुकं पडतं थंडीत चार सकाळी, पण भाऊ म्हणाले, तयारी असावी. आणि इंजिन हळू झालं की सगळेच दिवे मंद व्हायचे. भाऊ दारात गाडी उभी करायचे, दिवे मिणमिणायचे आणि त्यांची बायको शांताबाई ओट्यावरून म्हणायची, "तुमच्यासारखेच हायेत. बाहेर झगमग, घरी आले की मंद!"

शांताबाई माहेरची कळवणकडची. आवाज खणखणीत. लग्नात हळदीची गाणी म्हणायला तिला लांबलांबून बोलावणं यायचं. माझी ती जिवाची मैत्रीण. भाऊंच्या त्या गाडीला ती सवत म्हणायची आणि सवतीला लागेल ते घरातून काढूनही द्यायची.

तर एकदा भाऊंनी सगळी वायरिंग नव्याने करायला घेतली. वायर आणली ती सगळी काळी, भंगारातली. ओळखायची कशी? भाऊंनी शांताबाईच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या फाडल्या. हिरवी चिंधी पिवळ्या दिव्यांच्या वायरीला, निळी हॉर्नच्या. दिवेलागणीची वेळ. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. भाऊ जीपखालून वायरीचं एकेक टोक बाहेर सारायचे आणि ओरडायचे, "हिला हिरवी! हिला निळी!" शांताबाई बांधत होती.

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली जमवून भाऊंनी उद्घाटन ठेवलं. आमच्या सावळे मास्तरांना मान दिला, बटण त्यांनी दाबायचं. मास्तरांनी दोन शब्द बोलून बटण दाबलं आणि हॉर्न असा बोंबलला की मास्तर दोन पावलं मागे उडाले. भाऊ घाईघाईने हॉर्न दाबायला गेले, तर दिवे पेटले. हॉर्न सोडला, विझले. पोरं लोळायला लागली हसून. मास्तर चष्मा सावरत म्हणाले, "काशिनाथ, ही गाडी आहे का बँडपथक?"

भाऊंनी वाकून पाहिलं. हॉर्नच्या वायरीला हिरवी चिंधी होती, दिव्यांच्या वायरीला निळी. शांताबाईचा चेहरा पडला. मी शेजारीच होते म्हणून ऐकू आलं, "काल मला दोन्ही एकसारख्याच दिसल्या." भाऊंनीही ऐकलं. ते एकदम वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "माझीच चूक! रंग मीच उलटे सांगितले!" त्यांनी बरोबर सांगितले होते. मी ऐकले होते ना.

पुढच्याच आठवड्यात भाऊंनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. रातआंधळेपणा निघाला. चष्म्याने जाणारा नाही, हळूहळू वाढणारा. शांताबाईने संध्याकाळचं बाहेर पडणंच सोडलं. कुणाला कारण सांगितलं नाही, मी तेवढी जाणत होते.

अशात तिच्या भावाच्या मुलीचं, रत्नाचं, लग्न निघालं. ही भाची शांताबाईनेच अंगाखांद्यावर वाढवलेली. लग्न माहेरच्या गावी, दिवेलागणीनंतरचं. शांताबाई म्हणाली, "मी नाय जायची. लोकांच्या पायात येऊन पडू का तिथं? दिवसा असतं तर गेले असते."

भाऊ जेवत होते. घास खाली न ठेवता म्हणाले, "मग दिवस बरोबर घेऊन जाऊ."

झालं! जीपच्या टपावर दोन दिवे चढले, काचेच्या बाजूला एक फिरता दिवा आला. बॅटरीपासून थेट जाड वायर आली, मध्ये फ्यूज आले, रिले नावाची एक डबी आली. मी विचारलं, "ही कशाला?" भाऊ म्हणाले, "ताई, बटण म्हणजे सासू. तिच्या अंगात बळ नाही, ती नुसता हुकूम सोडते. ही डबी म्हणजे सून, सगळा भार ही उचलते. सासूवरच भार टाकला तर ती जळते." चिंध्या परत बांधायच्या होत्या. त्या भाऊंनी शांताबाईकडूनच बांधून घेतल्या, पण भर दुपारी, उन्हात बसवून.

तरी ती निघेपर्यंत नाही-नाहीच म्हणत होती. शेवटी म्हणाली, "ताई येत असली तर येते." म्हणून मी गेले, मागच्या बाकावर, आहेराच्या भांड्यांमध्ये अंग चोरून.

लग्न छान झालं. मांडवाच्या तोंडाशी भाऊंनी जीप लावली आणि सगळे दिवे आत सोडले. इंजिन हळू झालं की दिवे मंद होणार, म्हणून हा माणूस अख्खं लग्न जीपमध्ये बसून पायाने रेस देत राहिला. रत्नाच्या मावश्या डोळ्यांवर पदर धरून वावरत होत्या. नवरा मुलगा तर गॉगल मागत होता. आणि शांताबाई मधोमध उभी राहून गात होती. तिचा आवाज इंजिनाच्या वर चढत होता.

पण मला जास्त आठवते ती लग्नाला जाताना घडलेली गोष्ट.

कळवणच्या अलीकडे अंधारून आलं आणि भाऊंनी एकेक करत सगळे दिवे लावले. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि डोकं बाहेर काढून ओरडला, "ओ काका, रेल्वे रुळावरून न्या की!" भाऊ खूश. शांताबाई पुढे बसली होती, हात डॅशबोर्डवर घट्ट.

"दिसतंय का गं?" भाऊंनी विचारलं.

"दिसतंय की," ती म्हणाली. "समदं दिसतंय. आता शेरी गाव आलं ना? मग ती बघा चिंच. शाळेतून येताना आम्ही पोरी तिच्याखाली बसायचो. केवढी पसरलीय!"

मी मागून मान काढून पाहिलं. चिंच नव्हती. रस्ता रुंद करताना कधीची पाडली असणार. नुसता बुंधा उरला होता, आणि भाऊंच्या दिव्यांत तो इतका लख्ख दिसत होता की कुऱ्हाडीचे घावसुद्धा मोजता आले असते.

भाऊंनी गाडी हळू केली. बुंध्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं.

"अगं, आणि चिंचा लागल्यात किती!" ते म्हणाले. "फांदी वाकलीय नुसती."

"मग? सांगत काय होते मी," शांताबाई म्हणाली, आणि डॅशबोर्डवरचे हात काढून तिने मांडीवर ठेवले.